कोमट बाटली

वरकुट्याच्या आमच्या शाळेत मुलांची लघवी तपासली, त्या दिवशी माझ्या मुलीचा आजार कळला. तपासणारे गृहस्थ बारामतीहून येत. प्रत्येक बाटली आधी तळहातावर धरत, तपासली की मुलाला ‘पास’ म्हणून पाठवत. लाजऱ्या मुली बाटलीत पाणी भरून आणतात, हे त्यांना ठाऊक होतं.

“गार हाय बाय. हापशाची तपासणी करू व्हय?” ते माझ्या मुलीला म्हणाले. ती हसली आणि पुन्हा गेली.

दुसरी बाटली कोमट होती. दिव्यावर तापवताच नळीतली लघवी नासलेल्या दुधासारखी झाली.

“पास,” ते तिला म्हणाले. ती गेल्यावर नळी घेऊन माझ्या वर्गाच्या दाराशी आले. “गुरुजी, किडनीचं दुखणं दिसतंय. पुण्याला न्या. उशीर नगा करू.”

औषधांवर ती काही वर्षं जगली.

ते अजून येतात. बाटली तळहातावर धरतात. ‘पास’ मात्र आता कुणालाच म्हणत नाहीत.