‘स्वतः इच्छुक नाहीत’

हातकणंगल्याकडच्या एका फाउंड्रीतून परचेस मॅनेजर म्हणून मी निवृत्त झालो, त्याला बरीच वर्षं झाली. मला पदवी नव्हती. साच्याची वाळू मुठीत आवळून बघायची, भंगाराच्या ट्रकमध्ये वरचा थर सोडून खाली हात घालायचा, ही मालाची पारख मी काम करता करताच शिकलो.

तेच माझ्या असिस्टंटला शिकवलं. बी.कॉम. झालेली, कळंब्याहून स्कूटीवर यायची. दोन वर्षांत तिची नजर माझ्यापेक्षा तयार झाली. एकदा ट्रकवर चढून तिने तळातला गंजका माल उपसून काढला, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, “बाई, घरात तांदूळ बी असंच निवडतासा व्हय?”

“व्हय की. खडं निघालं तर पोतं माघारी जातंय. उचल गाडी.”

त्या वर्षी कंपनी खरेदी विभागातल्या एकाला खरेदी व्यवस्थापनाच्या डिप्लोमाला पाठवणार होती. शनिवार-रविवार पुण्यात वर्ग. पुढे मॅनेजर निवडताना तो बघितला जाणार होता. तिने अर्ज भरून माझ्याकडे दिला. तो डिप्लोमा माझ्याकडेही नव्हता. ती करून आली तर माझी गरज काय, या भीतीने मला दोन दिवस काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी अर्जावर शेरा मारला, ‘घरगुती अडचणीमुळे स्वतः इच्छुक नाहीत.’ खाली सही केली.

कुणी चौकशीही केली नाही. लग्न झालेल्या बाईला घरातून सोडलं नसेल, हे सगळ्यांना लगेच पटलं. तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, “तुमचे मिस्टर येऊन वरच्या साहेबांना नको म्हणून सांगून गेले म्हणे.” ती जागेवर जाऊन बसली.

माझ्यानंतर मॅनेजर बाहेरून आणला. आता तोही सोडून गेला आणि तिने त्या जागेसाठी अर्ज केला. पण फाइलमध्ये माझा शेरा निघाला. शिकायला नको म्हणालेल्या बाईला कसं घ्यायचं, असं वर चाललंय, हे मला तिथल्या स्टोअरकीपरने सांगितलं. सोमवारी निर्णय होता.

घडलं ते सगळं मी लिहून काढलं. एक प्रत कंपनीत दिली, दुसरी घेऊन तिच्या घरी गेलो.

तिने कागद उभ्यानेच दोनदा वाचला.

“म्हंजे आमचे हे आलेच न्हवते?”

“नाही.”

“आईची शपथ घेतली हुती त्यांनी. तरी मी त्यांनाच खोटं ठरवलं. इतकी वर्षं, साहेब, जरा काही झालं की हेच त्यांच्या तोंडावर मारलं.”

मॅनेजरच्या जागेचं काय होईल, हे तिने विचारलंच नाही. आत वळून हाक मारली, “अहो, जरा भाईर या. आमचे जुने साहेब आल्यात. तुमच्यापाशी काम हाय त्यांचं.”

मी कागदासाठी हात पुढे केला. तिने कागद मागे घेतला.

“वाचायचं न्हाय. तोंडानं सांगा.”