निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

बुधवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी मला नोकरी लागल्याची बातमी नेवाशात पसरली. मुलाखत गुरुवारी होती.

त्याआधीचा क्रम असा. एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून मी अकरा वर्षं काम केलं. दिवाळीनंतर दैनिकाने तालुक्याचं पान बंद केलं, त्याबरोबर माझं कामही. चार महिन्यांत नऊ ठिकाणी अर्ज केले. उत्तर एकाच ठिकाणाहून आलं. राहात्याजवळची एक शिक्षणसंस्था, पद प्रसिद्धी अधिकाऱ्याचं. सोमवारी सकाळी संस्थेच्या कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. मुलाखतीची वेळ सांगून झाल्यावर त्यांनी सोशल मीडियावरच्या सगळ्या खात्यांच्या लिंक बुधवारी पाचच्या आत पाठवायला सांगितल्या. संस्था राजकारणापासून लांब राहते, तेवढं बघून घ्या, असंही म्हणाल्या.

मी बघायला बसलो. मी स्वतः टाकलेल्यात अडचणीचं फारसं नव्हतं. छापून आलेल्या बातम्या, प्रवरेच्या पुराचे फोटो, उसाच्या ट्रॉल्यांनी खचलेल्या एका पुलाचा व्हिडिओ. अडचण इतरांनी टाकलेल्याची होती. आमच्याकडे पुढाऱ्याचा वाढदिवस आला की फलक तयार होतो. वर पुढारी, खाली शुभेच्छुक, म्हणजे गोल चौकटीतले तीस-चाळीस चेहरे. ज्याचा चेहरा त्याला कोणी विचारत नाही. चौकात लागलेला फलक मोबाईलवरही फिरतो आणि त्यावरचा प्रत्येक जण टॅग होतो. सोमवारी संध्याकाळपर्यंत मला माझा चेहरा सतरा फलकांवर सापडला. बहुतेकांवर फोटो एकच, बहिणीच्या लग्नातला, फेटा बांधलेला. खाली लिहिलेलं, 'पत्रकार'. सतरापैकी तेरा फलक एकाच पुढाऱ्याचे होते. त्या पुढाऱ्याशी माझं बोलणं पत्रकार परिषदेपलीकडे कधी झालेलं नाही.

हे फलक माझा चुलतभाऊ करतो. बसस्थानकाच्या रस्त्याला त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. मंगळवारी सकाळी मी तिथे गेलो आणि जुन्या पोस्ट काढ, निदान माझा चेहरा काढ, असं सांगितलं. त्याने स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"दादा, टॅग तुजा तू काढ. पन फलकावरनं तोंड काढलं तर लोक काय म्हनतील? फुटला म्हनतील."

मी कोणाच्या गटात नव्हतोच, मग फुटणार कुठून, असं मी विचारलं.

"तेरा येळा शुभेच्छुक हुतास की," तो म्हणाला.

नोकरी कुठली, हे त्याने विचारलं. मी सांगितलं. मुलाखत गुरुवारी आहे, हेही सांगितलं.

घरी येऊन मी एकेक टॅग काढला. संध्याकाळपर्यंत दर दहा मिनिटांनी स्वतःचं नाव शोधून पाहत होतो. जेवताना दोनदा उठलो. आईने ताटावर झाकण ठेवलं.

बुधवारी दुपारी शेजारच्या काकू वाटीत साखर घेऊन आल्या. आईने साखर तोंडात घातली आणि मग मला विचारलं, "खरं का रे?" काकूंनी मोबाईल पुढे केला. फलकावर वर तोच पुढारी होता. मध्ये मी, फेट्यात. 'साहेबांच्या आशीर्वादाने आमचे बंधू यांची राहाता येथील नामांकित शिक्षणसंस्थेत प्रसिद्धी अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली बेचाळीस शुभेच्छुक.

मी भावाला फोन लावला. तिसऱ्या वेळी त्याने उचलला. मी टॅग काढल्याचं साहेबांच्या माणसांच्या लक्षात आलं होतं आणि त्यांनी त्याच्याकडे चौकशी केली होती.

"म्हनून तुजा सोताचा फलक केला. आता कोन फुटला म्हननार न्हाई. निवड काय, आज ना उद्या हुनारच हाय."

तीन पंचवीसला त्याने पोस्ट काढली. तोवर फलक निदान अकरा ग्रुपवर गेला होता. खुलासा टाक, असं मी म्हणालो. अभिनंदन मागं घ्यायचा फलक आजवर तालुक्यात कोणी केला नाही, असं त्याचं उत्तर होतं.

सगळी खाती बंद करून 'माझं कुठेही खातं नाही' असं कळवता आलं असतं. तसा मेल मी चार बावीसला लिहिला. चार तीसला खोडला. चार पन्नासला लिंक पाठवल्या.

गुरुवारी अकरा वाजता मुलाखत सुरू झाली. समोर तिघे होते. मधल्या बाई संस्थेच्या सचिव. पहिल्या प्रश्नाआधी त्यांनी मोबाईल माझ्याकडे वळवला. फलक होता.

"आमचं अजून ठरायचंय. तुमच्या साहेबांचं ठरलं वाटतं?"

मी सांगितलं की फलक चुलतभावाने मला न विचारता केला, निवड झालेली नाही, त्या पुढाऱ्याशी माझा संबंध नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग बाकीच्या तेरा फलकांचं काय, असं विचारलं. तो आकडा मी सांगितलेला नव्हता. मी म्हणालो, त्यांच्याबद्दलही हेच.

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. संस्थेच्या वतीने या फलकाचा खुलासा लिहा, पन्नास शब्दांत. मी एकेचाळीस शब्दांत लिहिला. त्यांनी तो वाचून फाईलमध्ये ठेवला. दुसरं काही विचारलं नाही.

पुढचे दहा दिवस अभिनंदनाचे फोन येत राहिले. अकोल्याकडच्या एका जुन्या सहकाऱ्याने मुलासाठी प्रवेशाचं बघ, असं सांगितलं.

अकराव्या दिवशी पत्र आलं. निवड दुसऱ्या उमेदवाराची झाली होती. प्रतीक्षा यादीत माझा क्रमांक पहिला होता. पत्र मी आईला वाचून दाखवलं. भावाला दाखवलं नाही.