विमा कंपनीला मामाजींचा फोन

मामाजी विमा कंपनीला फोन लावायचे तेव्हा आधी डोक्याला टोपी घालायचे. समोरच्या पोरीला ती दिसणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरी बोडक्या डोक्याने परक्याशी बोलणं त्यांना पटत नसे.

मामाजी म्हणजे माझे सासरे. बोदलकशाजवळ त्यांची धानाची शेती होती. रविवारी आम्ही जेवायला गेलो की दुपारी ते ओसरीवर खाटेवर फोन ठेवत, ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर लावत आणि कंपनीच्या पॉलिस्यांची चौकशी करत. पॉलिसी मात्र घेत नसत. पलीकडची पोरगी योजना सांगायला लागली की विचारत, "जेवलीस का बाई? कोन्या गावची?" एकदा तर दिवाळीनंतर आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेले ये, रातभर दंडारीचं नाटक आहे, असं आमंत्रणही देऊन झालं. ती बिचारी म्हणाली, "सर, हा कॉल रेकॉर्ड होतो आहे." मामाजी म्हणाले, "होऊ दे. मी कोनाची चुगली थोडीच करून राहिलो."

जवायाला मान देण्यात मामाजींचा हात कोणी धरला नसता. मी आलो की पाय धुवायला पाणी, अंगणातली एकुलती प्लॅस्टिकची खुर्ची मला, आणि चूक काढणं तर सोडाच, माझ्याकडे रोखून बघणंही नाही. मी त्यांच्या अंगणात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन तुळशीमागे थुंकायचो आणि ते गुपचूप तिथे पाणी टाकायचे. हा मान माझ्या कर्तबगारीमुळे मिळतो, अशी माझी समजूत होती. मी सालेकशाच्या बाजूला गावोगावी मोटारसायकलवर फिरून पंपाचे सुटे भाग विकतो. यात कर्तबगारी कुठली, हे विचारू नका.

अशाच एका रविवारी मी खुर्चीत बसून खर्रा चघळत होतो आणि मामाजी फोनवर सांगत होते, "एक मानूस आहे बाई. चाळिशीचा. खर्रा खाते. जंगलाच्या रस्त्यानं गाडी बेफाम चालवते. हेल्मेट टाकीवर ठेवते."

मला चेव आला. असले नमुने मी रोज बघतो. मी म्हटलं, "मामाजी, हेही विचारा, अशा माणसाला कंपनी घेते तरी का? मी कंपनी असतो तर दारातूनच हाकललं असतं."

मामाजींचा चेहरा उतरला. त्यांनी फोनजवळ तोंड नेऊन विचारलं, "घेत नाही का वो बाई?"

"घेतो सर. हप्ता वाढतो. पण त्यांनी स्वतः खरं सांगायला हवं. त्यांनाच बोलायला द्या ना."

मामाजींनी टोपी सारखी केली. "तेच तर होऊन नाही राहिलं. जवाई आहे तो. जवायाले कसं बोलू मी? पन त्याले काही झालं तर माझी पोरगी लेकराले घेऊन कुठी जाईल?"

मी मान हलवली. खरंच बिकट प्रसंग, कोणाचा बरं जवाई हा? मग आठवलं की मामाजींना मुलगी एकच, आणि ती आत चुलीपाशी आपल्या आईला, म्हणजे मामीजींना, भाकरी थापायला मदत करत होती.

तोंडातला खर्रा थुंकायला उठायचीही सोय राहिली नाही. तो तसाच गिळून मी फोन हातात घेतला. "नमस्कार सर," पोरगी म्हणाली, "आत्ता आपल्याचबद्दल बोलणं चाललं होतं." तिने विचारलं ते सगळं मी सांगितलं. मामाजी तोवर गोठ्याकडे तोंड करून उभे होते, काही कानावर पडलंच नाही अशा थाटात. माझा विमा निघाला. त्यानंतर त्यांचे कंपनीला फोन बंद झाले, आणि त्या विषयावर आम्ही दोघेही कधी बोललो नाही.

एकदाच, त्यांना बसस्टँडवर सोडताना मी म्हटलं, "मामाजी, तुमचाही एक काढायला पाहिजे होता."

"माझा कायले? वय निघून गेलं. अन् मामीले तुमी आहा ना."

यंदा धानकापणीच्या आधी मामाजी गेले. शेत ठेक्याने दिलं आहे आणि मामीजी आता गोंदियाला आमच्याकडे असतात. गुडघ्यांच्या डॉक्टरकडे मीच त्यांना नेतो. खर्रा सुटलेला नाही, कमी झाला आहे, हे कंपनीने विचारलं तरी तसंच सांगेन. मामाजींची मला फार आठवण येते. माझ्यासारखा बेभरवशाचा माणूस पंचक्रोशीत नाही, याची खडान्‌खडा माहिती त्यांनी स्वतः कंपनीला दिली होती. आणि आपली म्हातारी ते त्याच माणसाच्या भरवशावर ठेवून गेले.