थेंबाथेंबातला धागा

जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना शेवाळमास्तर म्हणत. तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते तलावाच्या थेंबातलं शेवाळ ओळखत आले होते. पेशीत हिरवी पट्टी मळसूत्रासारखी फिरलेली दिसली की एक जात, दोन हिरव्या चांदण्या दिसल्या की दुसरी. यात कुणी चुकलं, की मास्तर त्याची बिनपाण्यानं हजामत करत.

त्या आठवड्यात मात्र त्यांना प्रत्येक थेंबात एक लांब धागा दिसू लागला. त्याला ना पेशी, ना हिरवा ठिपका. मास्तरांनी काच बदलली, भिंग पुसलं, नमुना आणणाऱ्यावर तोंडसुख घेतलं. शेवटी शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या पुतणीला बोलावलं.

तिनं बराच वेळ पाहिलं. "काका, इथं काहीच नाही हो."

"आंधळी आहेस का?" मास्तर खेकसले आणि त्यांनी मान वर केली. धागा समोरच्या पांढऱ्या भिंतीवर तरंगत होता.

त्यांनी नेहमीसारखं वहीत त्याचं चित्र काढलं, नमुन्याच्या रकान्यात 'उजवा डोळा' लिहिलं आणि आपली खुर्ची पुतणीकडे सरकवली. दोन वर्षांपूर्वी डावा गेला, तेव्हाही सुरुवात अशाच एका धाग्यानं झाली होती.