प्रसादाचं केळं

देवीवर मी रुसले होते, हे आधीच कबूल करते. डायलिसिसवर जगणाऱ्या बाईने देवीशी भांडायचं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. पण माझा स्वभावच तसा, तोंडावर बोलणारा.

बंगळुराजवळ येलहंक्यातल्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात मशिनं थोडी आणि माणसं फार, म्हणून आठवड्यातून दोनदाच नंबर लागतो. तिथे माणसं भराभर जातात. माझ्याबरोबर सुरू झालेल्या सहा जणांतले आता दोघेच उरलो आहोत. सणावारानंतर खाटा जास्त रिकाम्या होतात, असं सिस्टर सांगायच्या. मूत्रपिंडं निकामी झाली की केळ्या-शहाळ्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदय बंद पडू शकतं. आणि आपल्याकडे प्रसाद म्हटला की केळंच! शेजारच्या खाटेवरच्या रत्नक्कांना हे सगळं पाठ होतं. तरी गौरीच्या दिवशी, प्रसादाने कुठे काय होतं म्हणून त्यांनी वाटीभर केळ्याचं पंचामृत घेतलं, वर शहाळंही प्यायल्या. पुढच्या नंबराला त्या आल्या नाहीत. तेव्हापासून मी देवळाची पायरी चढले नव्हते. जिचा प्रसाद खाऊन माणूस मरतो, तिला आई कशी म्हणायची?

नवरात्रातल्या शुक्रवारी सून हट्टाला पेटली. "अत्ते, नुसत्या नमस्काराला तरी चला." गेले. हात पुढे करायचा नाही, असं घरूनच ठरवलं होतं. पण पुजाऱ्यांनी केळं पुढे केलं आणि जन्माची सवय, डाव्या हातावर उजवा ठेवून मी ते घेतलंच. मागे रांग खोळंबलेली, प्रसाद परत द्यायची लाज वाटली. एक घास, स्वल्प, तेवढ्याने काय होणार, असं रत्नक्कांसारखंच माझ्याही मनात आलं. मी साल सोलली.

तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी म्हातारीची नजर माझ्या डाव्या हाताकडे गेली. सुया टोचून टोचून तिथली शीर दोरखंडासारखी फुगली आहे.

"अक्का, डायलिसिस?"

मी मान हलवली. तिने केळं माझ्या हातातून सरळ काढून घेतलं आणि उभ्या उभ्या खाल्लं. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"माझ्या मुलाला कुणी थांबवलं नाही. मीच भरवलं त्याला, प्रसाद म्हणून." मग देवीपुढचं कुंकू बोटावर घेऊन तिने माझ्या कपाळाला लावलं. "हा पण प्रसादच. सरी, झालं, या आता."

मी नाव विचारेपर्यंत ती गर्दीत दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी मशिन लावण्याआधी रक्त तपासलं, तर केळं न खाताही पोटॅशियम अगदी काठावर होतं. डॉक्टर म्हणाले, "नशीब, काल काही वेडंवाकडं खाल्लं नाहीत."

ती देवी होती, असं मी म्हणणार नाही. देवीने तिला पाठवलं, एवढं मात्र मनापासून मानते. हल्ली मी दर शुक्रवारी देवळात जाते, आणि मजेत असते. खाटा रिकाम्या होतातच, एक दिवस माझीही होईल, त्याची आता धास्ती वाटत नाही. देवीला शरण जायचं तर हातावर पडेल ते गिळायचं, अशी माझी समजूत होती. हातातलं काढून नेणारीही तीच, हे मला उशिरा कळलं. पण त्या आईने ते केळं घशाखाली कसं उतरवलं असेल, हे आठवलं की देवीच्या आधी मी तिला हात जोडते.