साहेबाच्या पोराकडून जिंकलेली गोटी

तुमच्या मेलेल्या बापाला कुणी लबाड ठरवलं, तर तुम्ही त्याच्याशी भांडाल — की त्याच्या हातातलं भिंग बघून गप्प बसाल?

सेवकमामा गप्प बसले. भिंग माझ्या हातात होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि ज्यांच्यासोबत मोर्च्यात घसा फाटेस्तोवर घोषणा दिल्या त्या मित्रांनाही नाही.

आधी गोट्यांचं सांगतो. लांबण लावतोय, मला कळतं आहे. पण त्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला समजायचं नाही.

मी काचेच्या जुन्या गोट्या जमवतो. आमगावात आम्ही त्यांना कंचे म्हणतो. भंगारवाल्यांकडे, पाडायला काढलेल्या घरांत, आठवडी बाजारात कुलपं-किल्ल्या विकणाऱ्यांच्या पोत्यावर — कुठंही मिळतात. बहुतेक यंत्रावरच्या असतात, सगळीकडून सारख्याच गुळगुळीत. यंत्र नवीन आलं तेव्हाच्या काहींवर काच तोडल्याची बारीक रेघ असते, नखाच्या कोरीएवढी. पण त्याहून जुनी, हातानं केलेली गोटी वेगळी. कारागीर तापलेल्या काचेच्या कांडीला पीळ देऊन तिचा तुकडा कापून घ्यायचा, आणि कापलं तिथं एक खडबडीत ठिपका राहायचा. आतल्या रंगीत रेषा वळत वळत त्या ठिपक्याशी येऊन थांबतात. तो ठिपका हाच पुरावा. नवख्याला मात्र तिथं गोटी टवकल्यासारखी वाटते.

हे ध्यानात ठेवा.

आता माझ्याबद्दल. मी पत्रकांवर वाढलो. वडील जयंतीच्या आधी पत्रकांचे गठ्ठे आणायचे आणि आम्ही भावंडं घड्या घालत बसायचो. बोटं शाईनं काळी व्हायची. अक्षरओळख मला त्या पत्रकांतूनच झाली. ‘अन्याय’ हा शब्द मी ‘आंबा’च्या आधी शिकलो असेन. मोठा झाल्यावर मीच पत्रकं लिहू लागलो. आपला इतिहास आपणच सांगायचा, राजवाड्यांचा नाही, राबणाऱ्यांचा — असलं बरंच. ते खोटं होतं का? नाही. म्हणून तर हे सांगणं जड जातंय.

विहारात आम्ही एक प्रदर्शन भरवायचं ठरवलं. आपल्या माणसांनी वापरलेल्या वस्तू, शेजारी त्या माणसाचं नाव. कुणी उखळ आणलं, कुणी बिडीची कात्री. सेवकमामा सालेकशाच्या बाजूचे, आईच्या नात्यातले. ते गमछ्याच्या गाठीत एक गोटी बांधून घेऊन आले.

तिची गोष्ट मला पाठ होती. नात्यातल्या सगळ्यांनाच होती. मामांचे वडील लहानपणी गोंदियाला रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर पाणी भरायचे. साहेबाचा पोरगा त्यांना कंचे खेळायला बोलवायचा, पण आपली गोटी त्यांच्या हातात द्यायचा नाही. जमिनीवर टाकायचा. एक दिवस वडील म्हणाले, खरा डाव खेळू. आमच्याकडे खऱ्या डावात जिंकलेला कंचा परत मागायचा नसतो. ते जिंकले. आणि साहेबाच्या पोराला ती गोटी त्यांच्या हातात ठेवावी लागली.

यावर अख्खं गाव हसायचं. म्हातारा कुठंही बसला की कुणीतरी विचारायचं, का गा, साहेबानं जेवाले नाही बोलावलं का? मामांचे थोरले भाऊ तर बाप गेल्यावरही म्हणायचे, बुढा गप्पा हाणे. एकट्या मामांनी ती गोटी जपली होती.

“पाय बरं बाबू,” मामा म्हणाले, “त्या काळातली हाये का नाही? तू सांगशीन तं लोक मानतीन.”

मी भिंग लावलं. पांढऱ्या जाळीचा पीळ, त्याभोवती लाल-हिरवे पट्टे, आणि वर तो ठिपका. जरासुद्धा शंका नव्हती. अशी गोटी मी फक्त चित्रांत पाहिली होती. माझ्या संग्रहात तसली एकही नव्हती.

मी म्हणालो, “मामा, ही कारखान्यातली आहे. अलीकडचीच. ही बघा, इथं टवकली आहे.”

ज्या खुणेनं त्यांच्या बापाचं बोलणं खरं ठरत होतं, तिच्यावरच बोट ठेवून मी ते खोटं ठरवलं.

मामांनी गोटी उलटीपालटी केली. त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग हळूच विचारलं, “म्हंजे बा लबाड बोलला?”

तेव्हा बोलता आलं असतं. नीट बघतो, पुन्हा बघतो, एवढं तरी. मी भिंग पुसत राहिलो. त्यांनी गोटी टेबलावर ठेवली, गमछा झटकून खांद्यावर टाकला. “राहू दे तुह्याजवळच. मी नेऊन काय करू?”

मला हेच हवं होतं. हे मला अगोदरपासून माहीत होतं का? होतं.

बरेच दिवस मी स्वतःला समजावत होतो की माझ्याकडे ती सुरक्षित आहे, घरातल्या पोरांनी हरवली असती. आणि त्याच दिवसांत मी एक पत्रक लिहिलं. शहाण्या लोकांनी आपल्या वस्तू आधी फालतू ठरवल्या आणि मग उचलून नेल्या, असं. ते खूप गाजलं. लोकांनी त्याच्या झेरॉक्सा काढल्या. ते लिहिताना गोटी शेजारीच होती, कापसात.

गेल्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नात मांडवात कुणीतरी मामांना डिवचलं, सांग ना मामा साहेबाच्या पोराची गोष्ट. मामा हसले. म्हणाले, “काही नाही गा, बुढा गप्पा हाणे.” थोरल्या भावाचेच शब्द. मांडव खदखदून हसला. मीही पंगतीत होतो. पत्रावळीवरची बुंदी चिवडत राहिलो.

चोरी गोटीची झाली असं मला आधी वाटायचं. गोटी परत देता येते. येत्या रविवारी मी ती घेऊन मामांकडे जाणार आहे. दारात उभं करतील की नाही, ते त्यांनी ठरवायचं. मला माफी नको, मी मागणारही नाही. पण मी एकट्यात सांगून काय होणार? त्यांनी बापाला खोटं म्हटलं ते भरल्या मांडवात.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. हे ज्यात छापून येतंय तो अंक आमगाव-सालेकशाकडे जातो, त्या लग्नात जेवलेले कितीतरी जण तो वाचतात. तुम्ही त्यांच्यातले असाल, तर हे मनात वाचून ठेवून देऊ नका. पुढच्या लग्नात, पंगत बसली की, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा. सगळं नको. एवढंच —

गोटी जुनी आहे. हातानं घडवलेली आहे. सेवकमामाचा बा खरं बोलला होता.