कोरं जोडकार्ड

मुखेडच्या स्टँडवर माय मला सोडायला आली ती थेट दुष्काळी कामावरून. केसांवर खडीची पांढरी धूळ तशीच. आमच्या वस्तीतला मी पहिला पदवीधर. नांदेडच्या वसतिगृहात शिकलो आणि आता लातूरच्या पोस्टात क्लार्क म्हणून रुजू व्हायला निघालो होतो. बस हलताना ती एवढंच म्हणाली, "तिथं पाणी हाय म्हणतात. मागायला लाजू नको."

मायला अक्षर येत नव्हतं. उत्तर दुसऱ्याकडून लिहून घेणं तिला जमत नसे. "गुरुजीसमोर लेकाशी काय बोलू?" म्हणायची. म्हणून मी जोडकार्ड पाठवायचो. एका कार्डावर माझा मजकूर, त्याला जोडलेलं दुसरं उत्तरासाठी कोरं, त्यावर माझा लातूरचा पत्ता. माय ते कोरंच परत टाकायची. गावचं पोस्ट शाळेचे गुरुजी सांभाळत. त्यांच्या शिक्क्याची तारीख मी बघायचो. त्या दिवशी माय पोस्टापर्यंत चालत आली होती, म्हणजे बरी होती. गाव सोडून गेलेल्यांना पटेल, मला तेवढं पुरायचं.

पुढं लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या वाढल्या, टपाल वाढलं, माणसं मात्र तेवढीच राहिली. सहकाऱ्यांचे बदलीचे, रजेचे अर्ज लिहिता लिहिता मी संघटनेचा शाखा सचिव झालो. मग पुन्हा एक वर्ष पाऊस हुकला आणि त्याच वर्षी आमचा बेमुदत संप लागला. संपाच्या दुसऱ्या दिवशी गावचा एक जण भेटला. "तुझी माय तापानं पडून हाय," म्हणाला.

बसनं अर्ध्या दिवसाचं गाव. पण मी पोस्टाचं फाटक सोडलं की संपावरची माणसं पांगतील, हे दिसत होतं. आमच्यातले सगळ्यात जुने सॉर्टर शिवाप्पा जवळ येऊन म्हणाले, "सेक्रेटरी, मुखेडची थैली आत पडून हाय. तुमचं कार्ड असंल त्यात. एक थैली सोडली तर काय आभाळ कोसळतंय?" आदल्या दिवशी त्यांनीच मुलीच्या सासरच्या पत्रासाठी थैली सोडू का विचारलं होतं, आणि मी नाही म्हटलं होतं. तो टोमणा होता की माया, अजून कळलेलं नाही. मी पुन्हा नाही म्हटलं.

नवव्या दिवशी मुखेड गाडीचा कंडक्टर फाटकावर आला. "जयभीम, मास्तर. तुमच्या मायनं दिलंय." कोरं जोडकार्ड. शिक्क्याच्या जागी निळ्या शाईचा अंगठा.

"गुरुजी शिक्का मारीनात," कंडक्टर हसत सांगू लागला, "संप हाय म्हणाले. तर म्हातारी म्हणती, शिक्का संपावर हाय, माझा अंगठा तर न्हाई ना?"

फाटकावरची सगळी माणसं हसली. शिवाप्पांनी कार्ड हातात घेतलं, दोनदा उलटून बघितलं आणि म्हणाले, "आम्हाला म्हातारीच सेक्रेटरी पाहिजे होती." मी पाठ फिरवून डोळे पुसले.

संप मिटल्यावर गावी गेलो. ताप खरा होता. उतरला त्याच दिवशी ती उठून पोस्टात गेली होती. मला दारात बघून म्हणाली, "का आलास? कार्ड मिळालं न्हाई का?"

आता मी लातूरलाच निवृत्त झालोय. माय राहिली नाही. लेक परदेशातून फोनवर रोज तोंड दाखवते, हातातला चहासुद्धा दाखवते. तरी वर्षातून एकदा मी गावी जातो, एक साधं कार्ड घेतो, त्यावर माझाच लातूरचा पत्ता घालतो. पोस्टात आता एक तरुण मुलगी बसते. ती दरवेळी विचारते, "काका, काहीच लिहायचं न्हाई का?"

"न्हाई, बाई. शिक्का तेवढा नीट मार."

चार दिवसांनी ते कार्ड माझ्या दारात पडतं. चष्मा लावून मी तारीख बघतो, आणि मग निवांत जेवायला बसतो.